सहा गुंठ्यांची येळवस

"एक दाणाबी इकतचा नसंल!" हे वाक्य माझंच. मी नाकबूल करत नाही. पण ते मी कुठं बोललो हे ऐकलंत तर माझ्या अकलेची तुम्हाला कल्पना येईल. साखर कारखान्याच्या आवारात, बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमाला, बिदरकडच्या भालकी तालुक्यातले झाडून सगळे ऊसवाले खुर्च्यांवर बसलेले असताना, हातात पेढा धरून बोललो. मी तिथं वजनकाट्यावर क्लार्क आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उसाचं वजन केलेला माणूस त्या दिवशी जरा गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही.

झालं असं, की शेजारच्या मेहकर गावातल्या एकानं मला डिवचलं. "काय विलासराव, रान घेतलाव म्हणं! मग यंदा येळवसला आमी तुमच्याकडं यायचं का जेवायला?" सगळे फिदीफिदी हसले. आता रान असलेल्या माणसानं असलं हसणं ऐकून घ्यावं का? माझा पारा चढला. "या की," मी म्हणालो, "समदेच या. समदं आमच्या रानातलं खाऊ घालतो. एक दाणाबी इकतचा नसंल!" हसणं थांबलं. तेवढ्यावर मी खूश झालो. मूर्ख.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्याच्या माझ्या साडूला हे किती वेळा सांगितलं तरी तो "म्हणजे पिकनिकच ना?" असं विचारतो, म्हणून नीट सांगतो. मार्गशीर्ष सरताना ही अमावस्या येते आणि आमच्या भागातली गावं ओस पडतात. ज्याला रान आहे तो बायकापोरं, मडकी, टोपल्या घेऊन रानात जातो, कडब्याचं खोपटं, म्हणजे कोपी, उभी करतो, पूजा करतो आणि मग दिसेल त्याला जेवायला घालतो. भज्जी, आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, रानात जे जे हिरवं असेल ते एकत्र शिजवायचं, वर बेसन आणि ताक लावायचं, की झाली भज्जी. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं आणि त्यानं बसायचं, नाही म्हणायची सोय नाही. ज्याला रान नाही तो त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात जेवतो. मी आजवर तसाच जेवत आलो.

यंदा मात्र आम्हाला रान होतं. मेहकरच्या वाटेवर चनमल्लप्पाच्या शेतातून नवा रस्ता गेला, तेव्हा रस्त्याच्या पलीकडं त्याचा एक तिरका तुकडा सुटला. सहा गुंठे. तो मी घेतला. मी त्याला फार्म म्हणतो. आमच्या सौभाग्यवती, प्रेरणा, हायस्कुलात गणित शिकवतात, त्या त्याला त्रिकोण म्हणतात. आई त्याला रान म्हणते, आणि ती रान म्हणाली की आम्ही दोघं गप्प बसतो.

त्या संध्याकाळी माझं वाक्य माझ्या आधी घरी पोचलं होतं. आई दारातच उभी. "व्हय रं, भगवानअप्पाला सांगितलास का?"

इथं हसण्यासारखं काही नाही, म्हणून पटकन सांगून टाकतो. माझी आई पार्वतीबाई. तिची उभी हयात मेहकरच्या भगवानरावांच्या रानात खुरपण्यात गेली. येळवसला आम्ही त्यांच्याच रानात जेवायचो. त्यांच्या वडिलांच्या काळात आम्हा बौद्धांची पंगत बांधापलीकडं बसायची. भगवानरावांच्या हाती कारभार आला आणि त्यांनी ती बांधाच्या अलीकडं आणली. माणूस भला. पण भला असूनही आमच्याकडं ते कधी जेवले नाहीत. बोलावलं की, "बगू की, पार्वतीबाई." आईच्या मनात मात्र एकच होतं. आपल्या रानात पिकलेलं, आपल्या हातानं रांधून, एकदा भगवानअप्पाच्या ताटात वाढायचं. बाकी तिनं माझ्याकडं आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. आणि मी पेढा खाता खाता ते कबूल करून बसलो होतो.

"सांगतो की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. पहिला मान अर्थातच चनमल्लप्पाचा. तो आमचा भालकीतला शेजारी आणि आता रानातलाही शेजारी, त्यामुळं त्याच्यापासून सुटका नाही. सकाळी सातला "ऊट आयता, अण्णा?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारत तो येतो आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. "भज्जीला अकरा जिन्नस लागताव," तो म्हणाला. "अकराच्या अकरा पेरा. तूर मी पेरलेली हायच, ती तुमाला जमिनीसंगट दिलाव." त्या तुरीची आठवण त्यानं पुढं रोज दिली. ज्या उपकाराचं ओझं डोक्यावर वाहायचं तो उपकार तरी निदान मोठा असावा. ही तूर कमरेएवढी होती.

प्रेरणानं अंगणात खडूनं त्रिकोण आखला, त्याचे अकरा भाग पाडले आणि उठून हात झटकले. "एकेक वाफा आपल्या घराएवढासुद्धा होणार नाही," ती म्हणाली. "आणि ताक कुठून आणणार? म्हैस पेरणार का?" ताकाचा मी विचारच केला नव्हता! मीठ? तेल? आईनं आतून निकाल दिला. "दाण्याचं बोलणं झालंय. ताकाचं न्हाई झालं, मिठाचं न्हाई झालं." ही बाई शिकली असती तर बिदरच्या कोर्टात भल्याभल्यांची बोबडी वळवली असती.

पेरणी झाली. मग खताचा प्रश्न. काट्यावरचा एकजण म्हणाला युरिया टाका. दुसरा म्हणाला युरिया टाकलात तर आम्ही जेवायला येत नाही. तिसऱ्यानं जीवामृत सांगितलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात कालवायचं आणि सावलीत ठेवायचं. आमच्या घरात सावलीची जागा एकच, न्हाणीघर. आता पिंपाचं झाकण घट्ट लावू नये हे तिसऱ्यानं सांगायला नको का? प्रेरणाच्या शाळेतले एक पालक मुलाचे गुण वाढवून मागायला आलेले, बैठकीत बसलेले, आणि आत धडाड्कन आवाज झाला. झाकण छताला लागून आलं होतं. पालक इतके हबकले की मार्कांचं काही न बोलता चपला हातात घेऊन गेले. प्रेरणा माझ्याशी आठवडाभर फक्त गणितापुरतं बोलली.

वालाचं तर काय सांगू. वाल हे वेलाचं पीक, त्याला आधार लागतो. माझ्या फार्मात विजेचा एक खांब आहे, त्याला तारेचा तिरका ताण दिलेला. वालाला तो ताण आवडला. रोज वीतभर वर. मी कौतुकानं फोटो काढून काट्याच्या ग्रुपवर टाकले. तिसऱ्या फोटोनंतर लाईनमन हजर! "साहेब, हा येल तारंला लागला तर अर्धी भालकी अंधारात बसंल," म्हणाला आणि कोयत्यानं खच्चकन तोडला. शेंगांचं काय, असं मी विचारलं, तर त्या जप्त झाल्यात, म्हणाला. डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेला. सरकारी कामात माणसानं शेंगा मागायच्या कशा?

एवढ्यावर भागलं असतं तर मी नशीबवान. एके दिवशी पीक नोंदवणारे एक साहेब मोबाईल घेऊन बांधावर आले. "मुख्य पीक कोणतं?" मी सांगू लागलो, हरभरा, तूर, मेथी, पालक, गाजर, कडेला मिरची... ते थांबवून म्हणाले, "एकच सांगा." आई शेजारी खुरपत होती. मान वर न करता म्हणाली, "भज्जी."

साहेबांनी मोबाईलमध्ये बघितलं. वरून खाली, खालून वर. "भज्जी असं पीक न्हाई यात." मग त्यांनी बरंच डोकं खाजवलं आणि नोंद केली. मी डोकावून बघितलं तर माझे डोळे पांढरे झाले. जमीन पड! म्हणजे काहीही पेरलेलं नाही! माझे अकरा जिन्नस आजूबाजूला डुलतायत आणि मी सरकारदरबारी पडीक! मी तालुक्याला धाव घेतली. तिथल्या खिडकीत सांगितलं, पिकात उभं राहून फोटो काढा, जागेची खूण आपोआप उमटते. काढला. उमटली. खुणेप्रमाणं मी गावच्या तळ्याच्या मधोमध उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, पोहता येतं का? या अपमानावर मी एक अर्ज लिहिणार आहे.

असो. थंडी पडली, हरभऱ्याला घाटे धरले, मेथी तरारली, वाल तोडल्या जागेवरून पुन्हा फुटला. आई रोज संध्याकाळी रानात जाऊन उकिडवी बसायची आणि काही न करता नुसतं बघायची. मला आतून भरून यायचं. भगवानरावांना मी घरी जाऊन आवतण दिलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "येळवसला माणसानं आपलं रान सोडून कसं जावं, विलास? पण बगू की." आईला मी सांगितलं, येतो म्हणालेत. दुसरं काय सांगणार?

आदल्या दिवशी चनमल्लप्पानं कडबा दिला आणि आम्ही कोपी बांधली. कोपीत पाच दगड मांडून पांडव पुजायचे, असा त्याचा आग्रह. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात तसली पूजा नाही. वाद रंगला. चनमल्लप्पा म्हणाला, मग रिकाम्या कोपीला काय अर्थ, अण्णा? आईनं तोही निकाल दिला. "कोपीत भज्जीचं पातेलं ठिवायचं. आल्यागेल्याला तेवढंच दिसू दे." चनमल्लप्पानं विचार केला आणि मान डोलावली. जेवणाच्या बाबतीत तो कधी धर्म आड येऊ देत नाही.

येळवसचा दिवस उजाडला. भज्जीचा पाला त्या दिवशीच ताजा तोडायचा, असा रिवाज. आई आणि प्रेरणा मडकी घेऊन ऑटोनं येणार, मी पुढं मोटरसायकलवर. रस्त्याच्या वळणावरून मी फार्माकडं बघितलं आणि करकचून ब्रेक दाबला. कोपी नव्हती. कोपीच्या जागी म्हैस होती.

शांतपणे उभी होती आणि कोपीचा शेवटचा कडबा चावत होती. बाकी काही नाही. म्हणजे काहीच नाही! हरभरा बुडापासून साफ. मेथीच्या जागी माती. तूर खराट्यासारखी. पालक, वाटाणा, कांद्याची पात, गाजराचा पाला, सगळं गेलेलं. माझा सगळा हंगाम त्या म्हशीच्या पोटात होता आणि ती माझ्याकडं, कोण हा आगंतुक, असं बघत होती. मी मटकन बांधावर बसलो. खरं सांगतो, मला रडूच आलं. आणि तेवढ्यात तिनं मान हलवली, गळ्यातली पितळी घंटा वाजली. ती घंटा अख्ख्या मेहकरला ठाऊक आहे. म्हैस भगवानरावांची होती.

ज्या माणसाला वाढायचं म्हणून आईनं उन्हातान्हात वाफे खुरपले, त्याच माणसाच्या म्हशीनं! मी तिला खांबाला बांधली, प्रेरणाला फोनवर "थोडं नुकसान झालंय, बाकी बघतो" एवढंच सांगितलं आणि भालकीच्या बाजाराकडं गाडी पिटाळली. गेली माझी प्रतिज्ञा खड्ड्यात! दोन पेंढ्या मेथी, चार शेर हरभरा, कोणाला कळतंय?

बाजार बंद होता. एक शटर उघडं असेल तर शपथ. भाजीच्या कट्ट्यावर दोन कुत्री आणि एक गाय. मी भर चौकात मोटरसायकल उभी करून चक्रावून बघत राहिलो. अहो, मी भालकीत जन्म काढला. येळवसला गाव ओस पडतं हे मीच साडूला सांगतो. आणि मीच त्या दिवशी बाजारात भाजी घ्यायला आलो! भाजीवाले तरी का बसतील? त्यांनाही रानं आहेत.

आता एकच उपाय उरला. वाटेवरच्या कोणाच्या तरी रानात मागायचं. पण येळवसला कोणाच्या रानात पाय टाकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगितलंच आहे. पहिल्या बांधावर उतरलो तोच हाक. "या या, विलासराव! बसा!" मी म्हणालो, घाईत आहे. "घाई कामून? आंबील तर घ्या." ज्वारीच्या पिठाची आंबवलेली, थंडगार, ताकातली आंबील. दोन तांबे. वर उंडे. मग भज्जी. आता हरभरा मागावा म्हणून तोंड उघडलं तर घरधनी म्हणाला, "पोट जरा रिकामं ठिवलाव आमी. दुपारी तुमच्याकडं यायलाव न्हवं!" माझ्या घशात उंडा अडकला.

दुसऱ्या रानात तेच. तिसऱ्या रानात तेच, वर खीर. सगळे दुपारी माझ्याकडं निघालेले! एकानं तर सांगितलं, कारखान्याच्या त्या दिवसापासून पैजा लागल्यात, विलासरावाच्या भज्जीत सगळं घरचं असंल का नसंल. आणि आंबिलीचा गुण असा, की तिसऱ्या तांब्यानंतर माणसाच्या पापण्या मिटायला लागतात. येळवसच्या दुपारी सगळा तालुका झाडाखाली का घोरत असतो ते उगीच नाही. मोटरसायकल चालवताना मला दोन रस्ते दिसायला लागले आणि त्यातला जो धरला तो थेट भगवानरावांच्या रानात गेला.

भगवानराव नव्हते. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई होत्या. "बस बाळा," त्या म्हणाल्या. "अप्पा म्हस हुडकायला गेलेत. दावं तोडून कुटं गेली काय की! सकाळधरनं उपाशी हायती बिचारे." कोण उपाशी आहे आणि कोण जेवलंय हे मला नेमकं ठाऊक होतं. पण सांगायचं कसं? म्हैस माझ्या खांबाला बांधलेली. चोरी केल्यासारखी!

"काकू," मी शेवटी म्हणालो, "जरा हरभरा आन् मेथी मिळंल का? थोडं बाकीचंबी?"

"कामून? तुमच्या रानात न्हाई का?"

"हाय की! लई हाय. पण... तुमचं आन् आमचं, चवीला कसं लागतंय, ते जरा ताडून बगायचं होतं."

एवढं घाणेरडं कारण मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. पण सुशीलाबाई त्या सुशीलाबाई. "बगा बगा," म्हणाल्या आणि एक कापडी पिशवी गच्च भरून दिली. हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, पात, सगळं. वर म्हणाल्या, "आंबील घिऊन जा." मी घेतली. माझ्यात नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं.

परत आलो तर आई आणि प्रेरणा बोडक्या रानात तीन दगडांची चूल मांडून बसलेल्या. प्रेरणाचा चेहरा उतरलेला. आई म्हशीकडं बघत होती. मी उसनं हसून पिशवी पुढं केली. "घाबरू नका. पलीकडल्या कोपऱ्यातलं वाचलं होतं. सकाळीच तोडून ठेवलं."

"कुटल्या कोपऱ्यातलं?" आईनं विचारलं.

"तिकडल्या."

आमच्या त्रिकोणाला तीनच कोपरे आहेत आणि तिन्ही तिथून दिसत होते. आईनं पिशवी घेतली, वरपासून खालपर्यंत बघितली आणि "बरं" एवढंच म्हणाली. प्रेरणानं मला कोपरानं ढोसलं. मी दुर्लक्ष केलं. भज्जी शिजायला लागली, वास सुटला, आणि मला वाटलं, सुटलो.

ऊन कलायला लागलं आणि लोक आले. थट्टा करणारे आले, पैजा लावणारे आले, चनमल्लप्पा तर सहकुटुंब आला. सगळे बांधाशी थबकले. "पीक कुटाय, विलासराव?" मी म्हणालो, "काढलं की सकाळीच. भज्जीला लागतंय न्हवं?" पंगत बसली. आणि पत्रावळींवर भज्जी पडणार तेवढ्यात रस्त्यावरून एक उंच माणूस हातात तुटलेलं दावं घेऊन येताना दिसला. भगवानराव! ते म्हशीकडं बघत होते. आई पदर सावरून उभी राहिली.

"या अप्पा," ती म्हणाली. "बसा."

येळवसला नाही म्हणता येत नाही. सकाळपासून वणवण केलेला माणूस, भूक चेहऱ्यावर दिसत होती. भगवानरावांनी म्हशीकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, दावं खाली टाकलं आणि पंगतीत बसले. आईनं त्यांना वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "वा!" म्हणाले. "पार्वतीबाई, काय चव हाय! आमच्या हरभऱ्याला असली गोडी न्हाई. आमचा निव्वळ पाणचट. बियाणं कुटलं म्हणायचं?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण पैज लावलेले सगळे माझ्याकडं बघत होते. "गावरान बियाणं, अप्पा," मी म्हणालो, "आन् मातीचा गुण. रस्त्याकडंची माती हलकी असती. वर जीवामृत. युरियाला मी शिवत न्हाई." लोक माना डोलवायला लागले. मला जोर चढला. मी पाण्याच्या पाळ्या सांगितल्या, चंद्राच्या कला सांगितल्या. उजव्या हाताचा एकजण तर खिशातून पेन काढत होता.

"अप्पा," आई मध्येच म्हणाली, "ही भज्जी तुमच्याच रानातली हाय."

मी हबकलो. "आई!"

"त्या पिशवीवर तुमच्या पोराच्या लग्नाचं नाव छापलंय. मला वाचाया येत न्हाई, पण फोटो वळकू येतोय." सगळ्यांनी चुलीकडं बघितलं. पिशवी तिथंच पडली होती. नवरा-नवरी हार घालून माझ्याकडं बघून हसत होते. मी पिशवी उलटी करून पाहायला नको होती का? प्रेरणानं कपाळाला हात लावला. "आमच्या रानातलं समदं," आई म्हणाली, "तुमच्या म्हशीनं खाल्लं."

भगवानरावांचा हात तोंडापाशी तसाच राहिला. मग ते ताटावरून उठायला लागले. "चुकलं, पार्वतीबाई. जे काय नुकसान झालं असंल ते..."

"बसा," आई म्हणाली. एवढ्या मोठ्यानं तिला त्यांच्याशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "येळवसला ताटावरून उठू नगा. कसलं नुकसान? जलमभर मी तुमच्या रानातलं खाल्लं. आज तुमच्या दावणीचं कोणतरी माझ्या रानात पोटभर जेवलं. झालं."

चनमल्लप्पा खो खो हसला आणि बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भगवानराव मात्र हसले नाहीत. पुन्हा मांडी घालून बसले. मग म्हणाले, "खरं सांगू का? मी म्हशीपायी आलो. म्हस सुटली नसती तर आलो नसतो. पण म्हस जेवली, पार्वतीबाई. मी कुटं जेवलो? तुमच्या रानातलं काय उरलं असंल ते वाढा. त्याबिगर मी उठत न्हाई."

आता दचकायची पाळी आईची होती. उरलं काय होतं? ती सबंध त्रिकोणभर फिरली. पार टोकाला, रस्त्याच्या कडेला, वाकली आणि पदरात काहीतरी घेऊन आली. मिरच्या. बोटाएवढ्या, हिरव्यागार. म्हशीनं तोंड न लावलेली रानात ती एकच गोष्ट होती. आईनं एक मिरची भगवानरावांच्या ताटात ठेवली.

त्यांनी ती देठापासून तोंडात घातली आणि चावली. चेहरा लाल झाला. कान लाल झाले. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, त्यांनी हातानं मला मागं सारलं. चावून चावून गिळली. मग उपरण्यानं तोंड पुसून हात पुढं केला. "आनखी एक."

"एकच मिळंल," आई म्हणाली. "रान सहा गुंठ्याचं हाय, अप्पा. समद्यास्नी पुरवायचं हाय."

आणि मग मी जे बघितलं ते बघून मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. थट्टा करणारा तो मेहकरचा, त्यानं हात पुढं केला. त्याच्या शेजारच्यानं केला. पेनवाल्यानं केला, चनमल्लप्पानं केला. दहा-दहा, वीस-वीस एकरांचे धनी एका ओळीत बसून मिरच्या चावत होते, ठसकत होते, हाशहुश करत होते, डोळे पुशीत होते. आई ओळीनं पुढं पुढं जात वाढत होती.

"खावा की," ती एकेकाला म्हणत होती. "लाजू नगा. आमच्या रानातली हाय."